इंदूच्या लग्नाचा फोटोवाला

गोदूअक्का,

तू देवळातून येस्तोवर थांबलो तर लातूरची मोटार चुकेल. तुझ्या इंदूच्या लग्नाचा फोटोवाला पक्का करून येतो. भाकरी बांधून घेतल्यात, ओरडू नकोस.

लातूरवाल्यापरीस नांदेडवाला लई नावाजलेला, पण मी दोघांनाही एकच विचारलं, "आईमागं पोरीला आत्यानं वाढवलं. आत्याच्या कपाळी कुंकू न्हाई. फोटोत कुठं बसवाल?"

नांदेडवाला म्हणाला, "त्यांना आतच राहू द्या."

लातूरवाला म्हणाला, "उजेड चांगला असंल तिथं."

तिथंच माझी पसंती झाली.

अंगणातली मधली खुर्ची तुझी. थोरल्या सौदामिनीच्या लग्नात ऐन फोटोच्या वक्ताला तुझं डोकं दुखलं होतं. या बारीला दुखायचं न्हाई.

तुझा हणमंत