श्वासापुरतं बोलणं

माय, परवा ताईला बुलडाण्याच्या दवाखान्यात दाखवलं. पायऱ्या चढली की तिलाही आता तुझ्यासारखी धाप लागते. डॉक्टरांनी आधी विचारलं, बिडी-तंबाखू काही? ताई म्हणाली, "आमच्या घरात बाईनं कधी बिडी नाही ओढली, डॉक्टरसाहेब. चूल मातर फुकली जल्मभर." डॉक्टर म्हणाले, तेच तर. तुझ्या ज्या दुखण्याला तू जाईपर्यंत आपण कधी दमा, कधी थंडी, कधी उतारवय म्हणत राहिलो, त्याचं नाव सीओपीडी. धुरानं श्वासनळ्या आवळत जातात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर निघत नाही; जुनी हवा छातीतच तुंबते आणि नवीला जागा उरत नाही. मग बोलायलाही दम पुरत नाही.

गॅस आणून दिला म्हणून मी किती मिरवलो. आणि सुट्टी आली की ऑफिसातल्या लोकांना घेऊन धामणगावला रोडगे खायला मीच यायचो. कणकेचे ते जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच भाजायचे. गॅसवर केले तर ते रोडगे कसले, हे बोल माझेच. तू तोंडाला पदर लावून धुरात वाकली आहेस, मधेच खोकते आहेस, आणि मी पाहुण्यांना सांगतो आहे, मायच्या हाताला चव आहे. लाज वाटते आता.

पुढं तू फोनवर बोलेनाशी झालीस. आधी गावभराच्या गोष्टी सांगायचीस, मग नुसतं "हाव... बरं हाय... ठेव." मला वाटलं, सुनेवरून रुसलीस. मीही ताठलो, फोन कमी केले. दवाखान्यातून परतताना एसटीत ताईला हे बोललो, तर ती म्हणाली, "कायची रुसली रे! तुहा फोन आला का माय पयले खाली बसे, दम जमवे, मंग उचले. बोलता बोलता दम तुटे, तं तुले आयकू येऊ नये म्हून ठेव म्हने."

हे पाठवू कुठं? तुला वाचता येत नव्हतं, आणि ताईसमोर मोठ्यानं वाचायची माझी हिंमत नाही. एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. तू रुसलीस म्हणून मी ताठलो, असं म्हणतो खरं. पण तू "ठेव" म्हणालीस की मला बरं वाटायचं, माय. सुटलो, असं वाटायचं.