नाकाची रेघ

प्रिय ओरेस्ते,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तुझ्या या बहिणीला उत्तराला एवढा उशीर कधी होत नाही, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. तुरिनमध्ये थंडी यंदा लवकर पडली. नदीवर दुपारीसुद्धा धुकं असतं.

ती मोटारगाडी तू आणि दुइलिओनं मिळून आमच्या स्वयंपाकघरात रेखाटलीत, हे आता कोणाला सांगून पटायचं नाही. टेबलाच्या एका टोकाला मी सारण भरायच्या आन्योलोत्तीसाठी पीठ लाटतेय आणि दुसऱ्या टोकाला कागद पसरून तुमची जुंपलेली. दुइलिओ म्हणायचा, "नाकानं रस्ता हुंगला पाहिजे!" आणि तू, "मग पहिल्याच खड्ड्यात दात पाडून घेईल तुझी लाडकी!" गाडीचं नाक त्याचं, मागच्या चाकांवरचा उठाव तुझा. प्रदर्शनात पडदा उठला तेव्हा कारखान्याचे मालक गाडीशेजारी उभे राहिले, आणि छापून आलं ते त्यांचंच नाव. तू त्यांना तोंडावर सुनावलंस आणि जर्मनीची आगगाडी धरलीस. जाताना दुइलिओला, माझ्या नवऱ्याला, मालकाचं पाळीव कुत्रं म्हणालास. तो एवढंच म्हणाला, "गाडी इथं आहे, मी कुठं जाऊ?" त्यानंतर तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. त्याच्या वाट्याला पुढं आली ती दारांची हँडलं आणि आरशांच्या चौकटी. ती पण त्यानं जीव ओतून काढली.

मग एके दिवशी ट्रामच्या थांब्यावर तो चिडला, "रूळ वाकडे टाकलेत लेकाच्यांनी!" मी हसले. रूळ सरळच होते रे. कारखान्यात लाकडी साचे करणारी मंडळी त्याच्या रेघा गुपचूप नीट करून घेत राहिली. पण नव्या साहेबांच्या ध्यानात आलंच, आणि त्याचं काम सुटलं. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग गेलाय, औषध नाही. कडेचं तेवढं दिसतं. माझ्याकडे बघायचं तर मान तिरकी करतो आणि म्हणतो, "बघ, तुझं कोंबडं कसं बघतंय!" मी हसते. हसावं लागतं.

उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या बारसमोर तुमची गाडी येऊन थांबली. लाल. आवाजावरून त्यानं ओळखली. जवळ जाऊन नाकावरून हात फिरवायला लागला, तर आतला तरुण ओरडला, "आजोबा, हात काढा, रंग फुकट येत नाही!" मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, यांनीच काढलीय ती." तो हसत सुटला. "बाई, ही कोणी काढली ते साऱ्या जगाला ठाऊक आहे." दुइलिओनं माझा दंड धरला. "खरंय त्यांचं. चल." घराच्या जिन्यात म्हणाला, "मागचा उठाव ओरेस्तेचा. तो माझ्याच्यानं झाला नसता."

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तू एका मासिकवाल्याला पटवलंस, तो दोघांची नावं छापणार आहे, नाताळाआधी त्याला घेऊन येतोस, दुइलिओनं त्याच्यासमोर नाकाची रेघ एका दमात काढून दाखवायची. किती दिवसांनी तो असा खुलला! "येऊ दे त्याला. डोळे गेले, हात कुठं गेलाय?" तेव्हापासून रोज टेबलाशी बसतो. ओरेस्ते, रेघा जुळत नाहीत. नाक एकीकडे, काच भलतीकडे, चाक कागदाबाहेर टेबलावर. मग कागद वर धरून विचारतो, "कसं जमलंय गं?" आणि मी म्हणते, "अगदी तस्संच." त्या माणसासमोर काढील तेव्हा मी काय बोलणार? तू आणि तो मासिकवाला गप्प राहिलात की दुइलिओला सगळं कळेल. म्हणून हे लिहितेय. त्या माणसाला आणू नकोस. तूही एवढ्यात येऊ नकोस. दुइलिओला लिही की मासिकवाला फिरला, किंवा तुलाच वेळ नाही. तो तुझ्यावर भडकेल, नाही नाही ते बोलेल. बोलू दे. तुझ्यावर रागावून जगायची त्याला सवय आहे.

तुझीच,
एर्सिलिया