अलमेलूची बातमी

३० जुलै १९५४, शुक्रवार

किळस आली. गावातल्या त्या तमिळ साप्ताहिकात आमच्या अलमेलूवर बातमी — 'प्रेमभंग झालेल्या शिक्षिकेची कावेरीत उडी.' सोबत चित्र. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, केस सुटलेले, ओठ अर्धे उघडे. माझी नणंद जाड चष्मा लावते, मुलींना गणित शिकवते, एक केस तिचा इकडचा तिकडे होत नाही. काढणाऱ्यानं तिला पाहिलंय तरी का?

खरं एवढंच — सोमवारी पहाटे शेजारच्या व्यंकोबाची बायको गोदा घाटावर पाय घसरून पडली. आडी म्हणजे इकडचा आषाढ; कावेरीचं पाणी काठोकाठ. अलमेलु चष्म्यासकट आत शिरली, तिला ओढून काढलं. गोदा मागच्या बोळानं घरी गेली. लोकांनी पाहिली ती भिजलेली अलमेलु. तेवढ्यावर एवढा मजकूर!

३१ जुलै

यांना म्हटलं, जाऊन जाब विचारा. हे तिचे सख्खे भाऊ. म्हणाले, "कशाला वाढवतेस? चार दिवसांत विसरतील."

विसरतील म्हणे. कॉफीच्या दुकानात तो अंक भिंतीला टांगलाय, चित्राचं पान वर करून. वाचता न येणारेही बघत उभे राहतात. बघण्यासाठीच तर काढलंय.

अलमेलु म्हणाली, "वहिनी, राहू दे."

३ ऑगस्ट

शाळेनं तिला घरी बसवलं. तिरुभुवनम्‌ला तिचं लग्न ठरलं होतं, त्या लोकांनी सोयरीक मोडली. निरोप आला — "मुलगी चांगली असेल हो. पण चित्र सगळ्यांनी पाहिलं."

ती अजून म्हणते, राहू दे. मला तिचाही राग आला.

९ ऑगस्ट, सोमवार

गेलेच. घरात कोणाला सांगितलं नाही. संपादकाचं नाव राजगोपाल. पान चघळत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अम्मा, मरायला निघालेली बाई लोक वाचतात. वाचवणारी कोण वाचतो?"

मी सोडलं नाही. म्हटलं, गोदाला विचारा, आमच्या शेजारीच राहते. मग त्यानं पेन्सिल उचलली.

"पहाटे? एकटीच? घसरली म्हणता?" — आणि लिहिता लिहिता — "तरुण आहे का? दिसायला कशी?"

मी उठले. पण शुक्रवारी खुलासा छापतो म्हणाला. घरी येऊन अंघोळ केली.

१० ऑगस्ट

अलमेलूला सांगितलं. तिनं आधी मागचं दार लावलं.

"वहिनी, ती घसरली नव्हती. मी हात धरला तर म्हणाली, सोड मला. कोणाला सांगणार नाही असं मी तिला वचन दिलंय."

व्यंकोबाचं ओरडणं भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं. मागून गोदाचं रडणं. मी भांडी जोरात आपटते, म्हणजे ऐकायला नको. आता तिचं चित्र काढतील — ओलं लुगडं, उघडे ओठ. चित्र पाहिल्यावर व्यंकोबा तिला जिवंत ठेवायचा नाही.

नाव मी दिलं. घराची खूण मी दिली.

११ ऑगस्ट

पुन्हा गेले. राजगोपालनं बाहेर थांबवलं. आतून म्हणाला, "इतकी चांगली बातमी परत घेतात होय?" यांना सांगितलं. हे उठून बाहेर गेले. अलमेलु कुठे दिसली नाही. संध्याकाळी आली, जेवली नाही.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

अंक आला. गोदाचं नाव कुठेही नाही. पहिल्या पानावर अलमेलूचा फोटो, चष्म्यासकट, आणि खाली तिच्या सहीचा मजकूर — 'पहिली बातमी खरी आहे. मी प्रेमापायी उडी मारली. पाण्यात दुसरं कोणी नव्हतं.'

दुपारी गोदा मागच्या दाराशी आली. हातात तोच अंक. तिला आत घेतलं. व्यंकोबा बाहेर हाका मारतोय. दाराला कडी मी घातली आहे.