शॉवर घ्यायला गेलतो

सोमवार, संध्याकाळ

डोकं अजून ठिकाणावर न्हाई. नव्या न्हाणीघरासाठी शॉवर घ्यायला बायकोला घेऊन बीडला गेलतो. मला छताला लावायचा मोठा गोल पायजे होता. ती म्हणे नळीचा, हातात धरायचा. दुकानातच मी आवाज चढवला. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "वहिनी, हात वर करून दाखवा, शॉवर किती उंचीवर बसवायचा?"

तिनं उजवा हात उचलला. खांद्यापाशीच थांबला. पुढं जाईचना.

कधीपासून? "दिवाळीपासून. तांब्या डोक्यापर्यंत जातच न्हाई."

मग केस कोण धुतं? तर लिंबागणेशची अक्का, तिची थोरली बहीण. दर मंगळवारी ही तिथल्या गणपतीला जाते म्हणून मी कुरकुर करायचो! परत आली की केस ओले असायचे. मला वाटायचं, लई भक्ती.

खांद्यापाशी थांबलेला हात. एका घरात राहून मला दिसला कसा न्हाई?

नळीचाच घेतला. बसवायला मिस्त्री परवा येणार. उद्या मंगळवार, म्हणून म्हणालो, "उद्या मी घालतो डोक्यावर पाणी." तर दचकलीच.

"तुमी कावून? अक्का हाय की."