खंडेनवमीला मांडलेला पाय

भाद्रपद वद्य १२
भिवाचा पाय आज शाळेत तासायला घेतला. शिवणीचं लाकूड. हलकं, आणि चिरत नाही. शाळेचे साहेब माझ्या सुतारकामाच्या वर्गात येऊन बघून गेले. म्हणाले, "मास्तर, सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी तुमचा भाऊ स्वतः चालत फाटकातून आला, तर फिटर वर्गात घेतो. कानस मारायला उभं राहावं लागतं. उचलून आणलेला माणूस मला नको." बोलणं कडू, पण खोटं नाही.
भिवा, माझा धाकटा भाऊ, घोडदळाच्या रिसाल्यातून मिसरच्या लढाईला गेला आणि एका पायानं गुडघ्याखाली रिकामा होऊन आला. तेव्हापासून मागच्या खोलीत, भिंतीकडं तोंड.

आश्विन शु. २
पाय बसला. आत त्याच्याच जुन्या खोगिराचा लोकरीचा नमदा लावलाय. भिंत धरून तुळशीपर्यंत गेला. परत येईतो नमद्याला रक्त. "साकु अण्णा, साकु." मीही पुरे म्हटलं.

शु. ६
अग्रहाराच्या रस्त्यापर्यंत एकटा जाऊन आला. लोक थांबून बघत होते म्हणे. आल्या आल्या पाय सोडून मागच्या खोलीत जाऊन पडला.
आई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं खूश असेल. पण तोंड उतरलेलं, आणि जेवलीही नाही.

शु. ९, खंडेनवमी
सकाळी शाळेत हत्यारांची पूजा. करवती, रंधे, ऐरण, लेथ, सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. साहेबांचं दरवर्षीचं भाषण. अनाथ पोरांच्या हाताला काम मिळावं म्हणून शाळा काढली, आधी सुतारकाम, मग लोहारकाम, विणकाम, आता फिटर वगैरे. यंदा एक वाक्य नवं. लढाईवरून परतलेल्यांनाही दार उघडं आहे. माझ्याकडं बघून म्हणाले.
घरी आलो तर देवापुढं आजोबांची तलवार, आबांचा भाला, आणि शेजारी भिवाचा पाय. त्यानंच काढून मांडलेला. "हेही हत्यारच की अण्णा." आईनं हळदकुंकू वाहिलं. आता दसऱ्याची पूजा होईतो हात लावायचा नाही. मला हसू आलं.

शु. १०
सगळं गाव दसऱ्याच्या मिरवणुकीला बन्नीमंटपाला. भिवा आला नाही, पाय पूजेत ना. रिसाला गेला. भिवाची घोडी ओळखली. वर दुसराच स्वार. घरी येऊन सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "लंगडत होती का?"
"नाही."
"मग बरंय."
बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाहून तलवार, भाला उचलून ठेवले. पायाला हात घालणार तोच भिवा म्हणाला, "असू दे आजचा दिवस."

शु. १३
पाय तिथंच. आई रोज सकाळी त्याच्यावर नवं फूल वाहते. आज चिडलो. "पूजा चालूच ठेवलीस तर त्यानं तो उचलायचा कसा?"
ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "चालता होता तेव्हाच गेला की. आता घरात आहे."
भिवाला लोकांची नजर नको, आईला भिवा उंबऱ्याबाहेर नको. दोघांचं जमलंय. मी मात्र असा तुटत चाललोय की...

पौर्णिमा
साहेब वाटेत भेटले. "उद्या येतोय ना भाऊ?" येतोय, म्हटलं. चक्क थाप.
भिवाला सांगितलं, उद्या नाही आलास तर जागा दुसऱ्याला जाईल. "बेडा अण्णा. मला नको." मग भिंतीकडंच बघत, "रक्त यायचं थांबतं का कधी?" म्हटलं, कातडं निबर होतं, वेळ लागतो.

वद्य १
शाळेत बसून लिहितोय. सकाळी उठलो तर आई परडी घेऊन देवापुढं उभी. पाय जागेवर नाही. कालचं फूल जमिनीवर. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. आत ठक्, ठक्. मग धाडकन पडल्याचा आवाज. आईनं माझा दंड धरला. "जा ना आत, उचल त्याला." मी गेलो नाही. हाकही मारली नाही. कसा राहिलो कोण जाणे. तिचा हात सोडवून निघून आलो.
पहिली घंटा झाली. साहेब फाटकाशी उभे आहेत. दुसरीला फाटक लावतात. वर्गातली मुलं काय करू म्हणून विचारत होती. रंध्यांवरचं नवमीचं कुंकू पुसायला लावलंय.