तुझ्या मशीनमधली मावशी

१६ मार्च, सोमवार

चि. भुंग्यास,

आशीर्वाद आहेतच, ते काही पळून जात नाहीत. पण आधी मला हे सांग, मला न विचारता तू मला त्या मशीनमध्ये घातलंस कशाला? आणि घातलंस तर घातलंस, त्या मशीनमधल्या मावशीला दवाखान्यात कामाला कुणी लावलं? फोन केला की "मावशी, मीटिंगमध्ये आहे." पुन्हा केला की "मावशी, मी करतो." करतोस कधी? तुझी आई म्हणते, त्याला आता त्रास देऊ नकोस, गुरुवारी मोठी माणसं येणार आहेत त्याचा धंदा जोखायला. येऊ देत. माझ्याकडेही शुक्रवारी माणूस येणार आहे. तुझे काका दवाखान्यातून घरी येणार आहेत.

म्हणून लिहायला बसले. हे पाकीट तुझ्या आईच्या हातात देतेय. फोडायचं नाही असं तिला बजावलंय. ती आज तुझ्यासमोर बसून राहणार, तू वाचून होईपर्यंत. बहीण माझी आहे, बसेल.

तू मागच्या वर्षी माझ्याकडे यायचास ते आठव. लाँड्रीतून मी नुकती आलेली असायचे, हातावर इस्त्रीची धग तशीच. तू स्टुलावर कॅमेरा लावायचास, माझ्या हातात फोन द्यायचास आणि म्हणायचास, "मावशी, तू फक्त वापर आणि मनात येईल ते मोठ्यानं बोल." कधी तिकीट काढायचं, कधी बिल भरायचं, कधी बूट मागवायचे. बूट मला नको होते, तरी मागवले. आणि मी काय बोलायचे ते तुला पाठच आहे. "एवढं काय त्यात, कळलं की, पुढचं दाखव." तू हसायचास. म्हणायचास, इतर लोक अर्धा अर्धा तास घेतात, तू म्हणजे कमाल आहेस.

मग गेल्या महिन्यात मला तुमच्या ऑफिसात नेलंस. टायरच्या दुकानावरची ती खोली, जिन्यात रबराचा वास, दोन टेबलं, आणि तुझा तो चष्मेवाला भागीदार, जो माणसाशी बोलतानाही स्क्रीनकडेच बघतो. त्यानं मला समजावलं. कोणी अ‍ॅप बनवलं की ते लोकांना झेपतंय का हे बघायला माझ्यासारखी माणसं गोळा करावी लागतात, त्यांना बसवा, चहा पाजा, मिनतवाऱ्या करा, महिने जातात. तुमचं ते एआय स्वतःच स्क्रीन काढणार, मशीनमधल्या बनवलेल्या माणसांना दाखवणार, ती अडली की बदलणार, परत दाखवणार. खरं माणूस बोलवायची गरजच नाही. "मावशी," तो म्हणाला, "आता तुम्ही एकाच वेळी शंभर ठिकाणी बसून तपासाल." मी म्हटलं, मला एका ठिकाणी बसायला वेळ नाही.

मग तू तिला बोलतं केलंस. त्या मशीनमधल्या बाईला. कुठलीशी स्क्रीन तिला दाखवलीस आणि ती म्हणाली, "अरे एवढं काय त्यात, कळलं की. पुढचं दाखव." माझ्याच आवाजात. तुम्ही दोघं खुर्चीवर मागं पडून हसलात. मीही हसले, तुमच्याहून जास्त. चष्मेवाला म्हणाला, "आमच्या सगळ्या माणसांत या सगळ्यात पटकन. ह्या जिथं थांबत नाहीत ती स्क्रीन सोपी, असं आम्ही धरतो."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बिस्कीट खाल्लं.

निघताना जिन्यात तू विचारलंस, "मावशी, खरं सांग, चालेल का हा धंदा?" मी म्हटलं, चालेल की, न चालायला काय झालं. मला काही समजलं नव्हतं, भुंग्या. तेही मी असंच म्हटलं.

काकांचं सांगायचं राहिलंच. बरे आहेत. छातीवरची पट्टी काढली. चिडचिड करतात म्हणजे बरे आहेत. दवाखान्याचं जेवण आलं की ताटाकडे बघून म्हणतात, हे मला बरं करायला आहे की दमात ठेवायला. शेजारच्या कॉटवर एक रिटायर ड्रायव्हर आहेत, तेही हृदयाचेच. दोघं दिवसभर एकमेकांना आपापले टाके दाखवतात आणि कुणाचा डॉक्टर मोठा यावर भांडतात. ड्रायव्हरांची बायको लहानखुरी आहे, माझ्याशी फार बोलत नाही, डब्यातला पदार्थ मात्र अर्धा काढून देते. ते गुरुवारी सकाळी घरी जाणार.

डॉक्टर किंवा नर्स काही सांगायला आले की काका म्हणतात, "मला विचारू नका, माझा सगळा कारभार हिच्याकडे." आणि निवांत डोळे मिटतात. इतका भरवसा बरा नव्हे माणसाचा माणसावर.

मध्ये उठले होते. लाँड्रीतून पोरगी चादरींचं गाठोडं टाकून गेली. आता परत बसलेय. उठले नसते तर बरं झालं असतं, कारण आता पुढचं लिहायचंय.

शनिवारी नर्सनं आम्हा दोघींना बोलावलं, मला आणि ड्रायव्हरांच्या बायकोला. बाई चांगली आहे, पण पाय भिंगरीसारखे. म्हणाली, आधी आम्ही प्रत्येकाच्या घरच्यांना गोळ्यांची पाकिटं उघडून समजावायचो, कागद लिहून द्यायचो. आता कागद बंद, सगळं फोनवर. ह्या वॉर्डातली तुमचीच दोन माणसं पहिली, नवी गोळीही दोघांची एकच. आणि माझ्याच फोनवर ते उघडून फोन माझ्या हातात दिला. वर काकांचं नाव, खाली नव्या गोळीचं चित्र, सकाळी एक, रात्री एक, आणि त्याखाली हे एवढं हिरवं बटण. "समजलं."

दाबलं मी. नर्स म्हणाली, "बघा, किती पटकन." मग ड्रायव्हरांच्या बायकोला म्हणाली, "घाबरू नका हो, हे सगळं तुमच्यासारख्याच लोकांकडून तपासून घेतलंय. एक मावशी तर म्हणाल्या म्हणे, एवढं काय त्यात, कळलं की."

ते वाक्य माझं होतं, भुंग्या. ती लहानखुरी बाई माझ्याकडे बघत होती, मी दाबलं म्हणून तिनंही तिच्या फोनवर दाबलं. माझ्याहून लवकर.

घरी आले. मनाला म्हटलं, काय झालं एवढं, गोळी सकाळी आणि रात्री, संपलं. काकांची आठवड्याच्या गोळ्यांची डबी काढली, खणांची, आणि भरायला बसले. नवी गोळी टाकली. जुनी, रक्त पातळ करायची, ऑपरेशनच्या आधीपासूनची, तीही नेहमीसारखी टाकली. सगळे खण भरून झाकण लावलं.

रविवारी दुपारी फोनवर ते पुन्हा उघडलं, डबी बरोबर भरलीय का बघायला. हिरव्या बटणावर बोट टेकवायला गेले आणि बोट घसरलं. स्क्रीन वर सरकली. बटणाच्या खाली आणखी होतं. बरंच होतं. भुंग्या, मला माहीतच नव्हतं खाली काही आहे म्हणून. बटण आलं म्हणजे संपलं, नाही का? तिथं लिहिलं होतं, आधीची गोळी आजपासून बंद. दोन्ही एकत्र दिल्यास शरीरात आत रक्तस्राव होऊन जिवाला धोका. हे एवढं वाचायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. वाचून झाल्यावर मी डबीकडे बघितलं. सगळ्या खणांत दोन्ही.

डबी रिकामी केली. काल दोनदा धुतली, कशाला ते मलाच कळलं नाही. मी ती त्यांच्या हातावर ठेवली असती आणि त्यांनी न बघता पाण्याबरोबर घेतली असती. आणि नंतर सगळे म्हणाले असते, हृदयच कमजोर होतं, बिचारीनं केवढं केलं.

आता हे तू एकट्यानं वाच. आई समोर असेल तर तिच्याकडे पाठ कर.

मला वाचता येतं. नाहीतर हे पत्र कोण लिहितंय. चौथीपर्यंत गेलेय मी. पण माझं वाचणं म्हणजे एकेक अक्षर बोटानं धरून. कोणी समोर उभं असलं, घड्याळ बघत असलं, की अक्षरं हलायला लागतात. मग मी ती सोडून देते आणि बघते बटण कुठे आहे, त्यातलं हिरवं कुठलं. दाबते. आणि आवाज चढवते. आवाज चढवला की कोणी परत विचारत नाही. बँकेत तेच, लाँड्रीत सही करायची तरी तेच, तुझ्या स्टुलावरच्या कॅमेऱ्यासमोर तेच. काकांनाही माहीत नाही. त्यांना वाटतं मी उतावळी आहे. सगळ्यांनाच वाटतं. चालतं मला, उतावळी म्हटलेलं चालतं.

तू इतके दिवस माझ्यासमोर बसलास, माझी बोटं मोजलीस, डोळे कुठे फिरतात ते बघितलंस, आणि तुला दिसलं काय, तर मी पटकन दाबते. तुला दोष देत नाही. मी लपवायला बसले होते आणि मला लपवता येतं. पण त्या मशीननं माझं लपवणंच तेवढं उचललं रे. माझी भीती उचलली नाही. मी निदान घरी येऊन परत उघडून बघते, कारण माझा माणूस आहे त्या डबीच्या पलीकडे. तिला कोण आहे? तिचं बोट घसरणार नाही. ती शंभर ठिकाणी बसून शंभर वेळा म्हणत राहील, कळलं की, पुढचं दाखव, आणि तुम्ही लोक पुढचं दाखवत राहाल. मला तिची भीती वाटते. खोटं सांगत नाही, आज सकाळी मी चुलीसमोर एकटी असताना "कळलं" म्हणाले कशाला तरी, आणि दचकले.

आणि ऐक, सगळ्यात वाईट हे आहे. आज सकाळी मी दवाखान्यात गेले होते. नर्सला सगळं सांगायचं म्हणूनच गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती. ती गोळ्यांचा ट्रे घेऊन आली, म्हणाली, "काय हो, काही अडचण आहे का?" ड्रायव्हरांची बायको शेजारी बसलेली. काका कॉटवरून माझ्याकडे बघतायत, मोठ्या कौतुकानं.

मी म्हटलं, "अडचण कसली? कळलं सगळं."

आणि घरी आले.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. ती स्क्रीन गुरुवारच्या आत थांबली पाहिजे. ड्रायव्हर गुरुवारी सकाळी घरी जातील, त्यांच्या बायकोनं माझं बघून दाबलंय, खाली काय आहे तिला ठाऊक नाही. ती कुठे राहते हेही मी विचारलं नाही. दवाखान्यातल्या ज्या साहेबांनी तुमचं मशीन घेतलंय त्यांना तू फोन करशील हे मला माहीत आहे, पण तेवढ्यावर भागणार नाही, ते म्हणतील बघतो. त्या नर्सला माणसानं जाऊन सांगायला हवं की ती मावशी म्हणजे मी, आणि मला कळलेलं नव्हतं. ते मीच सांगायला हवं. बुधवारी दुपारी ती वॉर्डात असते.

तू माझ्याबरोबर चल. मी एकटी गेले की माझं तोंड तेच बोलतं, आज बघितलंच मी. मी पुन्हा तसं म्हणाले तर माझा दंड धर आणि म्हण, "मावशी, खरं सांग." तेवढं झालं की मी सांगेन. काकांसमोर सांगावं लागेल, तेही सांगेन. त्यांचं तोंड कसं होईल ते मी अजून डोळ्यासमोर आणलेलं नाही.

गुरुवारचं तू ठरव. तू म्हणाला होतास, नीट कपडे घालून ये, त्या माणसांसमोर मशीनमधल्या बाईच्या शेजारी बस आणि सांग, ही अगदी माझ्यासारखीच. मी येईन. पण मला फोन दिलात तर मी बोट ठेवून वाचेन, शेवटपर्यंत, लागेल तेवढा वेळ, आणि त्यांना घड्याळ बघू दे. त्यातून तुमचा धंदा उठेल की बसेल मला सांगता येत नाही. कदाचित चष्मेवाला माझं तोंड परत बघणार नाही. तू लहान असताना कपाटामागे तोंड घालून गुणगुणायचास, म्हणून तुझं नाव भुंग्या पडलं. तुझं वाईट व्हावं असं मला कधी वाटेल का? पण तुझ्या चांगल्यासाठी ड्रायव्हरांना मी मारू शकत नाही. काकांना तर नाहीच.

येतोस की नाही ते मला उद्या, मंगळवारी, दिवे लागायच्या आत कळव. फोनवर नको, फोनवर तू "बघतो" म्हणशील आणि मी "कळलं" म्हणेन. दारात येऊन सांग. हो तर हो, नाही तर नाही. नाही म्हणालास तरी मी बुधवारी जाणार आहे, फक्त तिथं पोचल्यावर माझ्या तोंडून काय निघेल ते मला माहीत नाही.

दार उघडंच ठेवते.

मावशी