धुतलेल्या बोंडांची हकीकत

दि. ९ जानेवारी, दुपारचे सव्वाचार. मुलं घरी गेली आहेत आणि मी बोटांना चिकटलेला डिंक कोमट पाण्यात भिजवत बसलो आहे. उजवा हात सुटला, म्हणून पत्र.

ती. ताईस धाकट्या भावाचा नमस्कार. मी बरा आहे. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची? (कंबर नव्हे, एकूण प्रकृती विचारतो आहे. गैरसमज नको.)

तू पाठवलेलं पोतं पोचलं. पाइनच्या झाडाची बोंडं इतकी सुबक असतील असं वाटलं नव्हतं. प्रत्येकाचे लाकडी खवले फुलासारखे उघडलेले. तुला माहीतच आहे, बालवाडीत मला महिनाभर मदतनीस म्हणून नुसतं पारखायला ठेवलं होतं, आणि आज मोठ्या बाई माझं काय ते ठरवणार होत्या. नाहीतर भाऊजींचं गोदाम आहेच. म्हणून मी आपणहून म्हणालो, मुलांकडून बोंडांची घुबडं करून घेतो. काम सोपं. खवल्यांच्या फटींत कापूस भरायचा, वर कागदाचे डोळे चिकटवायचे. तीन वर्षांच्या पोरालाही जमेल. (मला जमायला अख्खा रविवार गेला.)

आता माझा स्वभाव तू जाणतेस. मुलं हाती आलेली वस्तू आधी तोंडात घालतात, आणि ही बोंडं जमिनीवर पडलेली. त्यांच्यावर कोण बसलं असेल, बसून काय केलं असेल, या विचाराने मला चैन पडेना. म्हणून काल शाळा सुटल्यावर सगळी साबणाच्या पाण्यात भिजत घातली. सकाळी पाहतो तर एकूण एक बोंड मिटलेलं, मूठ आवळावी तसं. नख शिरेना, तिथे कापूस कुठला शिरतो? बोंड ओलं झालं की मिटतं, हे सगळ्या जगाला ठाऊक असावं. माझीच शाळा त्या धड्याच्या आधी सुटली.

मुलं आली, गोल करून बसली. आम्ही जिला प्रश्नपेटी म्हणतो, तिने बोंड उलटंसुलटं करून विचारलं, "दादा, हे का रुसलंय?" मी म्हणालो, थंडी वाजली असेल. (घाईत दुसरं काही सुचलं नाही.) "मग तू त्याला आंघोळ कशाला घातलीस?" शेजारचा गब्दुल म्हणाला, "माझी आई पण घालते," आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आणि त्याची आई मिळूनच हा कट करतो.

उपायही पोरांनीच काढला. थंडी वाजते, तर शेकायचं. हीटरसमोर जुनं पांघरूण पसरून सगळी बोंडं निजवली. मी तोंड पाडून कागदाचे डोळे कापत बसलो. जेवणं झाल्यावर एका बोंडातून चट् असा बारीक आवाज आला. मग दुसऱ्यातून. खवले एकेक करून सुटत होते. ताई, सगळी पोरं पालथी पडून, कान देऊन ऐकायला लागली.

बालवाडीत शांतता झाली की समजावं, कुणीतरी काहीतरी गिळलंय. मोठ्या बाई धावतच आल्या. दारात तोंड उघडणार, तोच गब्दुलने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. ज्यांच्यापुढे पालकसुद्धा हळू बोलतात, त्या बाईंना. मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा बाई गुडघे धरून, कण्हत खाली बसल्या होत्या, आणि बोंड कानाला कसं लावायचं ते प्रश्नपेटी त्यांना शिकवत होती.

घुबडं निम्मीच झाली. (एकाला सात डोळे आहेत. करणारी म्हणते, त्याला सगळं दिसायला हवं ना.)

बाकी ठीक. स्वेटर घालतो आहे, विचारू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. आणखी एक पोतं पाठव. धुऊ नकोस.

ता. क. दुसरा. भाऊजींना सांग, गोदामातली जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका. मीच सांगितलं असतं, पण त्यांच्यापुढे माझी वाचा बसते. त्यांचं जेवण झाल्यावर सांग, आधी नको.

ता. क. तिसरा. बाईंनी मला कायम केलं असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. विचारायचा धीर झाला नाही. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "निम्मी राहिलीत ना? मग सकाळी तूच उघड," आणि वर्गाची किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. आता किल्ली ज्याच्याकडे, त्याला उद्या यावंच लागणार.